मोटरसायकलचं हँडल कसं निवडावं: आधी अंग, मग रस्ता, मग रूप

कुंभार्ली चढून कराड गाठायचं असो, की जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी, बदलत रेवस ते रेड्डी किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं असो, निघण्याआधी माणूस टायर बघतो, ब्रेक बघतो, ऑइल बदलून घेतो. हँडलचा विचार मात्र होत नाही. ते कंपनीने दिलंय तसंच राहतं, नाहीतर एखाद्या फोटोत आवडलं म्हणून एका दुपारी बदललं जातं. दोन्हींत शेवटी खांदे आणि मनगटंच भरून येतात. गाडी वळते ती हँडलने, आणि रस्त्याचे हादरे नि इंजिनाची थरथर हातापर्यंत पोचते तीही त्याच नळीतून. म्हणून हँडल निवडताना आधी आपलं अंग, मग आपला रस्ता आणि त्यानंतर रूप, हा क्रम मी कधी सोडायचा नाही असं सांगेन.

नुसत्या बैठकीने गाडी किती बदलते ते बघायचं असेल तर रॉयल एनफिल्डच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करा. इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५० या दोन्ही २०१८ साली आल्या, दोघींचं इंजिन तेच ६४८ सीसीचं. इंटरसेप्टरला रुंद, उंच, मधे आडवी दांडी असलेलं हँडल आहे. जीटीला फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, नळ्यांना पकडणारे बुटके क्लिप-ऑन आहेत, आणि फूटपेगही मागे आहेत. एकीवर माणूस ताठ बसतो, दुसरीवर टाकीवर झुकतो. देवरुखहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढून गेल्यावर दोघांच्या अंगाला विचारलं तर दोन वेगळ्या गाड्यांचीच वर्णनं ऐकायला मिळतील.

पहिली पायरी: नेमकं कुठे दुखतं?

तासभर सलग चालवून गाडी थांबवा आणि उतरण्याआधी लक्ष द्या. तळहाताला मुंग्या येत असतील, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर एकतर अंगाचा भार हातांवर पडतोय किंवा थरथर जास्त पोचतेय. हँडल फार पुढे किंवा फार खाली असलं की भार हातांवर येतो. मानेच्या मुळाशी आणि दोन खांद्यांच्या मधे आवळून येत असेल तर हँडल बहुधा जास्त उंच, जास्त रुंद किंवा हाताच्या टप्प्याबाहेर आहे. मनगटाची एकच बाजू दुखते तेव्हा हँडलच्या टोकांचा मागे वळलेला कोन तुमच्या हाताला जुळत नाही. आणि माकडहाड दुखत असेल तर हँडल बदलण्याआधी सीट आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर तपासा. ताठ बसलं की खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ कण्यात जातो, तिथे आणखी उंच हँडल लावून दुखणं वाढतंच.

दुसरी पायरी: खर्च करण्याआधी आहे तेच हँडल फिरवून बघा

हे कुणीच करत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं ठाम मत आहे. हँडल मधोमध धरून ठेवणारी पकड म्हणजे क्लॅम्प. त्याच्याजवळ हँडलवर आणि क्लॅम्पवर मिळून मास्किंग टेपची पट्टी चिकटवा, त्यावर पेनने एक रेघ मारा आणि पट्टी फटीवर ब्लेडने कापा. आता मूळ जागा हरवणार नाही. टाकीवर जाड फडकं टाका. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल अगदी थोडं, दोन-तीन मिलिमीटर, आपल्याकडे किंवा पुढे फिरवा, बोल्ट आवळा आणि चालवून बघा. एवढ्याशा फरकाने टोकांचा कोन बदलतो आणि मनगट सरळ येतं.

मग क्लच-ब्रेकचे लिव्हर. सीटवर नेहमीसारखं बसून बोटं लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ यायला हवी. शोरूममधून गाडी येते तेव्हा लिव्हर बऱ्याचदा जास्त वर असतात आणि प्रत्येक ब्रेकला मनगट मागे मोडतं. वळणावळणाच्या घाटउतारावर हे शेकडो वेळा घडतं. लिव्हर खाली घेताना पुढच्या ब्रेकच्या तेलाची डबी फार कलणार नाही एवढं बघा.

तिसरी पायरी: मापं घ्या

फिरवूनही भागलं नाही तर नवं हँडल. पण दुकानात जाण्याआधी चार मापं कागदावर हवीत: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुंदी, क्लॅम्पच्या पातळीपासून ग्रिपपर्यंत उंची, टोकं मागे किती आलीत ते, आणि नळीचा व्यास. पहिली तीन सध्याच्या हँडलची घ्या. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय नवा आकडा काहीच सांगत नाही.

आपल्याला काय हवं ते शोधायला एक सोपी युक्ती आहे. गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी करा, पाय फूटपेगवर ठेवा, डोळे मिटा, खांदे सैल सोडा आणि हात पुढे उचला, कोपरं किंचित वाकलेली. घरातल्या कुणालातरी तुमच्या मुठींत पीव्हीसी पाइपचा तुकडा द्यायला सांगा आणि तो जिथे थांबतो तिथून सध्याच्या ग्रिपपर्यंतचं अंतर वर, मागे आणि बाजूला असं तिन्हीकडे टेपने मोजा. हेच अंतर तुम्हाला नव्या हँडलमधून भरून काढायचंय. दोन-तीनदा करा. पहिल्या वेळी माणूस नकळत आवडत्या फोटोसारखा बसतो.

फरक एवढाच निघाला की हात इंचभर वर हवा, तर हँडल न बदलता रायझर लावूनही काम होतं. रायझर म्हणजे हँडल आणि त्याखालची 'टी' (फोर्कच्या दोन नळ्या जोडणारा भाग) यांच्या मधे बसणारे धातूचे ठोकळे.

चौथी पायरी: आपला रस्ता

रुंद हँडलला तरफेचा फायदा मिळतो. कमी जोरात गाडी वळते, खडीवर किंवा ओल्या वाळूवर पुढचं चाक सरकलं तर सावरायला सोपं जातं. अरुंद हँडलला जोर जास्त लागतो, पण हात कमी फिरतात आणि गर्दीतून गाडी निघते. वेगात असताना आपण वळतो ते हँडल ढकलून: डावीकडे जायचं तर डावी ग्रिप पुढे दाबावी लागते, तेव्हा गाडी डावीकडे कलते. घाटात एकामागून एक वळणं घेताना हे ढकलणं सतत चालू असतं, त्यामुळे तिथे मध्यम रुंदीचं, थोडं सपाट हँडल मला सगळ्यात चांगलं वाटतं. हात छातीच्या खाली राहतात आणि ढकलायला बळ मिळतं.

दोन्ही हात खांद्यांच्या वर नेणारं एप हँगर आंबोली किंवा करूळ घाटासाठी मी कुणालाही सुचवणार नाही. ढकलायला कोन मिळत नाही, हात लवकर थकतात. शिवाय पावसाळ्यात हात वर असले की रेनकोटच्या बाहीतून पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत उतरतं. उलट फार खाली वाकवणाऱ्या हँडलवर रेनकोट पाठीत आवळतो आणि मान वर करून बघावं लागतं. महामार्गाच्या वेगात समोरचा वारा छातीला थोडा आधार देतो, पण आपल्या गावांतल्या तीस-चाळीसच्या वेगात तो आधार नसतो आणि सगळा भार मनगटांवर येतो.

उघड्या सड्यावर आडवा वारा लागतो, आरे-वारेच्या चढावर तर हमखास. रुंद हँडलवर छाती पसरून बसलेला चालवणारा तो वारा जास्त घेतो आणि हातांना लागलेला धक्काही हँडलपर्यंत जास्त पोचतो. इथे ग्रिप घट्ट आवळू नये, कोपरं सैल ठेवावीत.

आता घरापाशी या. दोन जांभ्याच्या गडग्यांमधली वाट, पडवीचं दार, बेड्यातून आत घ्यायची गाडी. सगळ्यात अरुंद जागा मोजा, त्यात दोन्हीकडे मुठीएवढी जागा सोडा, उरलेली रुंदी ही हँडलची कमाल. आरसे वेगळे. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघीसारख्या जेटीवर दाटीवाटीत गाडी लावताना हँडल पूर्ण वळवावं लागतं, तेव्हा टोक टाकीला लागून अंगठा चेमटणार नाही हेही आधीच बघायला हवं.

पाचवी पायरी: धातू आणि खारी हवा

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची नळी ग्रिपपाशी २२ मिलिमीटरची असते. काही मोठ्या क्रूझरना २५.४ मिलिमीटर म्हणजे एक इंचाची लागते. जाड मधल्या भागाचं टेपर्ड हँडल क्लॅम्पमधे २८.६ मिलिमीटर आणि ग्रिपपाशी २२ असतं, त्याला क्लॅम्पही वेगळा घ्यावा लागतो. पातळ पत्र्याची पट्टी घालून व्यास जुळवणं हा जिवाशी खेळ आहे. ते करून द्यायला कुणी तयार असेल तरी नको म्हणा.

समुद्रापासून जवळ राहणाऱ्याने चकचकीत स्वस्त क्रोम घेऊ नये. प्लेटिंग पातळ असतं, त्याला बारीक छिद्रं असतात, आणि खारट दमट हवा तिथून आत शिरते. गंज समोर दिसत नाही. ग्रिपची रबरी कड नखाने मागे सारा, स्विचच्या खालच्या बाजूला आरसा धरून बघा: तपकिरी कडं आणि त्याभोवती पापुद्र्यासारखं उचललेलं क्रोम दिसलं, तर पाणी तिथे साचून राहतंय. नळीची टोकं उघडी असतील तर ती आतूनही गंजते. जाड पावडर कोटिंगचं स्टील चालतं, पण ओरखडा पडला की त्याच आठवड्यात रंग लावा. स्टेनलेस महाग पडतं, तरी मालवण, हर्णै, गुहागर अशा गावांत ते पैसे वसूल होतात. ॲल्युमिनियम हलकं आणि तांबडा गंज न धरणारं, पण स्टीलचे बोल्ट जिथे टेकतात तिथे खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरते आणि धातू खाल्ला जातो, म्हणून तो भाग वरचेवर बघावा. पडून वाकलेलं ॲल्युमिनियमचं हँडल सरळ करून परत वापरायचं नाही. त्याला आत चीर गेलेली असू शकते.

थरथरीसाठी टोकांना लावायची वजनं आणि चांगल्या मऊ ग्रिप यांनी बराच फरक पडतो. सिंगल सिलिंडरवाल्यांनी आधी हे करून बघावं.

रूपाचं काय?

रूपही महत्त्वाचं आहे. रोज सकाळी गाडीकडे बघून बरं वाटलं पाहिजे. गाडीपासून दहा पावलं लांब, बाजूने उभं राहून बघा. टाकीची वरची रेघ, सीटची रेघ आणि हँडलची रेघ एकमेकींशी भांडत नसतील तर गाडी सुंदर दिसते. गोल टाकीच्या जुन्या घाटणीच्या गाडीला मागे वळलेलं मध्यम हँडल शोभतं. चापून बांधलेल्या गाडीला सपाट. रंगाचा निर्णय सोपा आहे: टाकीवर आधीच भरपूर चकाकी असेल तर हँडल काळं ठेवा.

बसवताना

हँडल दोन इंच वर गेलं की क्लच, ॲक्सिलरेटरच्या केबल, ब्रेकचा होज आणि स्विचच्या वायरी सगळ्यांची लांबी कमी पडू शकते. विकत घेतानाच लांब केबल मिळते का ते विचारा. बऱ्याच स्विच-पेट्यांच्या आत एक छोटी पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलला भोक नसेल तर काहीजण पिन घासून टाकतात. मग ऐन वेळी ॲक्सिलरेटरची पेटीच हँडलवर गरगर फिरते. जागा नीट मापून भोक पाडावं, पण नळी वाकते तिथे किंवा क्लॅम्पपाशी कधीच नाही. क्लॅम्पच्या बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा ते, आणि आवळण्याचा क्रम गाडीच्या मॅन्युअलमधे असतो. तो मेस्त्रीला दाखवा आणि टॉर्क रेंचने आवळायला सांगा. ब्रेकचा होज बदलला तर ब्लीडिंग करून, म्हणजे तेलातली हवा काढून, लिव्हर कडक लागतो याची खात्री झाल्याशिवाय गाडी हलवू नका.

मग इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. इंजिनाचे फेरे (आरपीएम) वाढले तर केबल ताणली जातेय, ते काम परत करायचं. पुढचं चाक उचलून शॉकॲब्सॉर्बर पूर्ण उघडलेले असताना होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हेही तेव्हाच बघा.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आली. कंपनीच्या ॲक्सेसरीजमधलं हँडल मिळत असेल तर तेच घ्या, आरसे आणि इंडिकेटर जागेवर ठेवा, आणि शंका असेल तर पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या आरटीओत आधी विचारा.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात मारा: इंग्रजी आठ काढा, जोरात ब्रेक दाबा, एका हाताने इंडिकेटर लावून बघा. नंतर ओळखीचा छोटा घाट. चार-पाच दिवसांनी सगळे बोल्ट पुन्हा तपासा. जुनं हँडल फेकू नका. ऑइलचा हात फिरवून, त्याचे बोल्ट पिशवीत घालून त्यालाच बांधा आणि माळ्यावर ठेवा. गाडी विकताना किंवा पासिंगच्या वेळी ते लागतं.