तापस खायला जाताय? सगळं एकदम मागवू नका

आधी हे सांगते की तापस हा काही एक पदार्थ नाही, बारक्या बारक्या प्लेटा असतात, स्पेनमध्ये लोक बारमध्ये उभ्या उभ्या पेला हातात घेऊन हे खातात, आणि शब्दाचा अर्थ म्हणे झाकण, पेल्यात माशी पडू नये म्हणून वर ब्रेड ठेवायचे अशी एक गोष्ट सांगतात, खरंखोटं तेच जाणे. आपला चखणाच समजा, फक्त जेवणाइतका.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा काय केलं, आई, मावशी आणि मी तिघी, भूक लागलेली, मेनू आल्या आल्या नऊ प्लेटा सांगून मोकळी झाले. टेबल आपल्या पाटाएवढं. सगळं दहा मिनिटांत आलं, पाण्याचे ग्लास खिडकीत ठेवायला लागले आणि क्रोकेता, म्हणजे आत मऊ सारण भरलेले तळलेले गोळे, गार होऊन आत पिठल्यासारख्या घट्ट झाल्या.

म्हणून हप्त्याहप्त्याने मागवा. तिघांना आधी तीन प्लेटा पुरे: टोमॅटो चोळलेला ब्रेड (पान कोन तोमाते), ऑलिव्ह आणि पातातास ब्रावास, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडींवर तिखटसर लाल सॉस, जो आपल्या जिभेला फार तिखट लागत नाही हे धरून चला. त्या संपत आल्या की पुढच्या दोन. वेटरला सुरुवातीलाच सांगायचं, "दादा, एकेक करून आणा, घाई नाही".

दुसऱ्या फेरीत कोळंबी घ्याच. गाम्बास आल आहियो. मातीच्या छोट्या थाळीत येते, तेल अजून चुरचुरत असतं, लसणीच्या चकत्या कडेला सोनेरी झालेल्या, एखादी सुकी लाल मिरची. कोळंबी दोन मिनिटांत संपते, खरा माल ते तेल आहे, त्यात ब्रेड बुडवायचा, आणि वेटर थाळी उचलायला आला तर हात आडवा घालायचा. आईने घातला होता.

व्हेज खाणाऱ्यांनी मात्र नुसत्या हिरव्या ठिपक्यावर जाऊ नये, विचारून घ्या. क्रोकेतात बरेचदा हॅम असतं, तोर्तिया म्हणजे इथे पोळी नाही, बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, आयोली या लसणीच्या सॉसमध्ये बहुतेक अंडं, आणि भाज्यांचा पायेया, म्हणजे तिकडचा पसरट कढईतला भात, तोसुद्धा कधी कधी चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवतात. चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, म्हटल्यावर गोव्याच्या चोरिसाची चव शोधू नका, नात्यातलाच आहे पण इथे स्मोक्ड पाप्रिकाचा वास पुढे असतो, व्हिनेगरचा आंबटपणा नाही.

पायेया घेणार असाल तर आधीच सांगून ठेवा, नीट करायचा तर अर्धा तास सहज जातो. आणि तळाशी लागलेली खरपुडी सोडू नका, तिकडे तिला सोकारात म्हणतात आणि त्यावरून भांडतात, आपल्याकडे भांडं घासणाऱ्याला शिव्या बसतात.

तापसची जागा मोठ्या हॉटेलात असेल तर पायेयाचा हा अर्धा तास चित्रांसाठी. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत भिंतींवर खरा खजिना असतो, कुलाब्याच्या ताजमध्ये एम. एफ. हुसेनची चित्रं आहेत, आपल्या जेजे कला महाविद्यालयातून शिकलेल्या गायतोंडेंची आहेत, आणि लोक त्यांच्यासमोर उभं राहून ओलाचं बुकिंग बघत असतात. रिसेप्शनवर विचारा, चित्रं बघितली तर चालेल का, रूम घेतली नसली तरी जेवायला आलेला माणूस पाहुणाच असतो, लाजायचं काय त्यात. फ्लॅश मारू नका, फ्रेमला हात नको. आम्ही गेलेलो तिथे लिफ्टशेजारी एक मोठं करडं-पिवळं अमूर्त चित्र होतं, मावशी बघून म्हणाली, "अगं भिंतीला ओल आलीय का ही?" आणि मग पायेया आला म्हणून बोलवायला गेले तर तिथेच उभी, म्हणे थांब, खाली डावीकडे हिरवा आहे बघ थोडा.

तिकडे स्पेनमध्ये रात्री नऊ-दहाला जेवायला बसतात, आपल्याला शेवटची लोकल आहे, साडेसातला जा, गर्दीही नसते.

बिल आलं की दोन ओळी वाचा. रूमचं भाडं साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलात जेवणावर जीएसटी १८ टक्के लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटसारखा ५ नाही, दारूवर जीएसटी नसतो, तिचा व्हॅट वेगळा. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नाही, गोड आवाजात काढायला सांगा. आमचा काढला, पण आईला वाईट वाटलं आणि तिने त्या वेटरच्या हातात शंभरची नोट कोंबलीच.