स्लाइडिंग मायटर सॉचं ब्लेड घेताना आधी दाताचा झुकाव बघा

स्लाइडिंग मायटर सॉ म्हणजे लाकूड जागेवर ठेवून, फिरतं ब्लेड पुढे-मागे सरकवत आडवं कापायचं मशीन. त्याचं दहा इंची ब्लेड २५४ किंवा २५५ मिमीचं, मधलं भोक २५.४ किंवा ३० मिमीचं, हे तुम्हाला माहीत आहेच. ब्लेडवर लिहिलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको, हेही माहीत असेल. एवढं जुळलं की तालुक्याच्या दुकानात एकच उत्तर मिळतं, "बसते ना भाऊ बरोबर, घेऊन जा." बसतं म्हणून घेऊ नका.

मी शिकाऊ होतो तिथे टेबल सॉचं (टेबलातून वर आलेल्या ब्लेडवर लाकूड सरकवायचं मशीन) २४ दाती ब्लेड मायटर सॉला चढवलेलं होतं. साइज तीच, भोक तेच. सागाची चौकट कापायला मशीनचं डोकं (मोटर आणि ब्लेडचा सरकता भाग) चालू करून स्वतःकडे ओढलं, तर ब्लेड लाकडावर चढून थेट अंगावर आलं. हात लांब होता म्हणून बोटं शाबूत आहेत. मिस्त्रीला कारण विचारलं, तर म्हणे, "घट्ट धरत जा." असं सांगणाऱ्या उस्तादाकडून हात शिका, कारण मात्र दुसऱ्याला विचारा.

कारण दाताच्या झुकावात आहे. ब्लेडच्या मध्यबिंदूपासून दाताच्या टोकापर्यंत पट्टी धरा. दात फिरण्याच्या दिशेनं त्या रेषेच्या पुढे झुकलेला असेल तर झुकाव धन, मागे असेल तर ऋण, रेषेवरच असेल तर शून्य. टेबल सॉच्या उभ्या चिरणीच्या ब्लेडला साधारण १५ ते २० अंश धन झुकाव असतो. तिथे लाकूड हातानं पुढे सरकवायचं असतं, त्यामुळे दातानं ते ओढून घेतलेलं चालतं. स्लाइडिंग मायटरमध्ये लाकूड जागेवर असतं आणि ब्लेडच सरकतं. दात हावरा, म्हणजे जास्त धन झुकावाचा असला की एक तर ब्लेड लाकडावर चढतं, नाहीतर लाकूड वर उचलतं. म्हणून उणे ५ ते अधिक ५ अंशांच्या आतलंच ब्लेड घ्या. अंश पाकिटावर छापलेला नसेल तर दुकानातच पट्टी लावा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या.

कापायची रीतही बरोबर पकडा: डोकं आधी पुढे ओढायचं, मग चालू करून खाली दाबायचं आणि मागे ढकलत न्यायचं. ब्लेड बदलताना प्लग काढलेलाच हवा. बहुतेक मशीनचा बोल्ट उलट्या आट्याचा (घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटणारा) असतो, जोर लावण्याआधी दिशा बघा.

घाबरू नका, बाकीचं सोपं आहे. आडव्या कापासाठी ६० दात पुरतात. प्लाय, सनमायका, फोटोफ्रेमची पट्टी असेल तर ८०. अॅल्युमिनियमला वेगळं ब्लेड, लाकडाचं लावायचंच नाही.

आपल्या भागात साग जास्त. गडचिरोलीतल्या आलापल्लीचा, चंद्रपूरकडच्या बल्लारशाचा साग देखणा, पण त्यात सिलिका असते आणि ती धार खाते. काप काळा पडू लागला, जळका वास आला की जोर वाढवू नका. आधी दातांवरचा चिकट थर काढा, तरी जळत असेल तर धार लावा. कार्बाइडच्या टिपेला (दाताच्या टोकावरचा कडक धातूचा तुकडा) कानशीनं धार लावून देणाऱ्याकडे जाऊ नका, त्याला हिऱ्याचं चाक लागतं.

पैसे एकाच ब्लेडपुरते असतील तर ६० दाती, ऋण झुकावाचं घ्या. ८० दाती ब्लेडचं फर्निचरची कामं यायला लागल्यावर बघू.