वीर्यतपासणी नीट कशी करून घ्यावी आणि शुक्रजंतू कमी निघाले तर कारण कसं शोधावं

वर्षभर काहीही न वापरता दिवस गेले नाहीत, तर दोघांच्या तपासण्या एकाच वेळी सुरू करा. बायको ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका. तिच्या सोनोग्राफ्या, नळ्यांची तपासणी, इंजेक्शनं सगळं उरकल्यावर नवऱ्याला लॅबमध्ये पाठवणारी घरं मी कायम बघतो आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही काहीतरी कारण असतं.

१. लॅब. जिथे वीर्यतपासणी रोज होते, अशीच निवडा.

२. सॅम्पल. सगळा घोळ इथे होतो.

शेवटच्या वीर्यपतनानंतर २ ते ७ दिवसांचं अंतर हवं. 'पंधरा दिवस थांब, काउंट (शुक्रजंतूंची संख्या) वाढेल' हा मित्रांचा सल्ला ऐकू नका. आकडा थोडा वाढेलही, पण साठून राहिलेल्या शुक्रजंतूंची हालचाल मंदावते आणि रिपोर्ट उलट बिघडतो. साबण, तेल, थुंकी काही वापरायचं नाही. मेडिकलमधला साधा कंडोमही चालत नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पहिले थेंब. बहुतेक शुक्रजंतू त्यातच असतात. हात थरथरतो, बाहेर कुणीतरी दार वाजवतं, पहिला भाग डबीबाहेर सांडतो आणि माणूस लाजेने उरलेलं तसंच काउंटरवर ठेवून जातो. मग काउंट कमी दिसतो आणि त्या कागदावर महिनोन्‌महिने औषधं चालतात. सांडलं तर सांगा. आम्ही लॅबवाले तशी नोंद करतो आणि पुन्हा बोलावतो. लॅबमध्ये जमतच नसेल तर घरून आणायची परवानगी मागा. डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवा आणि अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचवा. फ्रीज नको, गाडीची डिकी नको.

गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड किंवा कुठलाही मोठा ताप आला असेल तर तेही सांगा. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तेव्हाचा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसतो.

रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा, तापानंतरची असेल तर तीन महिन्यांनी. एका रिपोर्टवर उपचार सुरू करू देऊ नका.

३. आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्याचं प्रमाण १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, एकूण हालचाल ४२ टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के. हो, फक्त चार. 'शंभरातले ९५ खराब' म्हणून रडवेले झालेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांचा रिपोर्ट त्या बाबतीत चांगला होता. आकडा याहून कमी असला तरी मूल होणारच नाही असं नाही.

काउंट शून्य आला, तर सॅम्पल मशीनमध्ये फिरवून तळाचा गाळ तपासला का, हे विचारा. तसं केल्याशिवाय शून्य म्हणता येत नाही.

४. कारण. डॉक्टरांकडे जाण्याआधी कागदावर लिहून काढा: लहानपणी वृषण खाली उतरले नव्हते का, हर्नियाचं ऑपरेशन, वयात आल्यावर झालेलं गालगुंड, टीबी, मधुमेह, केमोथेरपी, चालू गोळ्या, तंबाखू, दारू, भट्टीजवळचं काम.

आणि जिमची इंजेक्शनं. हे कुणी आपणहून सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घेतलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि काउंट शून्यावरही येतो. 'अशक्तपणा' म्हणून हेच इंजेक्शन देणारेही आहेत. मूल हवं असेल तर ते घेऊ नका. बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो, पण महिने लागतात. घेत असाल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा.

मग युरोलॉजिस्ट (मूत्रमार्गाचे डॉक्टर) किंवा अँड्रॉलॉजिस्टकडून (पुरुषांच्या प्रजननाचे डॉक्टर) उभं राहून तपासून घ्या. वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, बहुधा डाव्या बाजूला असतो आणि उभं राहिल्यावरच नीट हाताला लागतो. हे अगदी नेहमीचं कारण आहे आणि त्यावर ऑपरेशन होतं. काउंट फार कमी असेल तर एफएसएच (मेंदूकडून वृषणांना संदेश नेणारं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉनच्या रक्ततपासण्या, गरज पडल्यास गुणसूत्रांची तपासणी. वीर्यच कमी येत असेल आणि मधुमेह असेल, तर वीर्यपतनानंतरची लघवी तपासायला सांगा. वीर्य उलटं मूत्राशयात जात असू शकतं.

५. उपचार. कारण सापडेपर्यंत काउंट वाढवणाऱ्या पावडरी विकत घेऊ नका. तंबाखू मात्र आजच सोडा. उपचार सुरू झाल्यावर पुढची तपासणी तीन महिन्यांनी. दर पंधरा दिवसांनी सॅम्पल देण्यात पैसे जातात, नवी माहिती मिळत नाही.