सोडियमला प्रोटॉन देऊ नका! आयनांच्या या चुका टाळा

नववी-दहावीचे पेपर तपासताना माझं लाल पेन एकाच वाक्यावर झिजतं: "सोडियमला एक प्रोटॉन मिळतो, म्हणून धन आयन तयार होतो." (आयन म्हणजे विद्युत प्रभार आलेला अणू.)

मागच्या सराव परीक्षेत हे एका चांगल्या हुशार मुलीने लिहिलं. शेजारी कंपासने काढलेली देखणी आकृती: केंद्रकात १२ प्रोटॉन, बाहेर ११ इलेक्ट्रॉन. मी समासात लिहिलं, "हे मॅग्नेशियम." मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन हजर. "सर, पण प्रभार अधिक एकच आलाय ना?" आलाय की! वजाबाकी बरोबर, मूलद्रव्यच बदललं. अणुअंक म्हणजे प्रोटॉनांची संख्या, आणि रासायनिक अभिक्रियेत तिला हात लागत नाही. सोडियमचे ११ प्रोटॉन जागच्या जागी राहतात; २, ८, १ मधला शेवटचा इलेक्ट्रॉन जातो, उरतात १०. ११ वजा १०, म्हणजे प्रभार अधिक एक.

"अधिक म्हणजे काहीतरी मिळालं" हा गोंधळ मुळात मुलांचा नाहीच. अठराव्या शतकात फ्रँकलिनने विजेला धन-ऋण ही नावं दिली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊक नव्हता; तो सापडला १८९७ मध्ये, आणि ऋण निघाला. म्हणून तो गेला की अधिक उरतं. मी फळ्यावरसुद्धा प्रोटॉनांच्या आकड्याला आधी चौकट करतो. वहीत तो पेनने, इलेक्ट्रॉन पेन्सिलीने. खोडायचं ते फक्त पेन्सिलीचं.

पाठांतराच्या युक्त्या मला आवडत नाहीत, पण एक मराठीने फुकट दिली आहे. इलेक्ट्रॉन देणारा धनको, घेणारा ऋणको. सोडियम धन, क्लोरीन ऋण. मात्र मोजणी न करता नुसतं हे फेकलंत तर अर्धाच गुण देईन.

"सोडियम आनंदाने इलेक्ट्रॉन देतं" हेही बंद करा. एक मोल (अणू मोजायचं एक ठरलेलं, प्रचंड मोठं माप) सोडियम अणूंचे इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोजूल लागतात. ते घेताना क्लोरीन अणू साधारण ३४९ परत करतात. म्हणजे व्यवहार तोट्यातच. तूट भरून निघते ती विरुद्ध प्रभारांचे आयन स्फटिकात एकमेकांना चिकटून बसतात तेव्हा. पण एवढं ऐकायला थांबतो कोण? "सर, अष्टक पूर्ण होतं, बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन होतात, एवढंच लिहू का?"

बाकीच्या चुका पटापट. कॅल्शियमचा आयन लिहिताना प्रभारातला २ विसरू नका. दोन्ही आयन मूळ अणूंएवढेच काढू नका: सोडियमचा आक्रसतो, क्लोराइड फुगतो. लोखंडाचा प्रभार विचारला तर आधी फेरस (अधिक २) की फेरिक (अधिक ३) ते बघा.

आणि हायड्रोजन. त्याने एकुलता एक इलेक्ट्रॉन दिला की उरतो नुसता प्रोटॉन. हे ऐकून दरवर्षी एक हात वर येतो: "म्हणजे प्रोटॉन मिळतोच ना, सर?" त्याला मी पुन्हा पेन्सिल काढायला सांगतो.