आधी सीट, मग पॉइंट: कार्डाच्या माइल्सवर फिरायचंय तर या चुका टाळा

मे महिना आणि दिवाळी जवळ आली की माझ्या फोनवर एकाच जातीचे मेसेज सुरू होतात. कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं, त्यात एका आकड्याभोवती लाल गोल काढलेला असतो आणि खाली प्रश्न: "एवढे पॉइंट झालेत, यात कुठे जाता येईल गं?" विचारणारे निम्मे नात्यातले, निम्मे सोसायटीतले. मी ठाण्यात राहते, पेशाने अकाउंटंट आहे आणि बरीच वर्षं कार्डाच्या पॉइंटांवर घरातल्यांची तिकिटं काढत आलेय. मदत करायचा कंटाळा नाही. कंटाळा आलाय तो त्याच त्या चुका निस्तरायचा.

सीट न बघता पॉइंट पाठवणं

कार्ड वापरून मिळतात ते बँकेचे पॉइंट. काही कार्डांवर ते विमान कंपनीच्या खात्यात पाठवता येतात आणि तिथे त्यांचे माइल्स होतात. हा रस्ता एकेरी आहे. पाठवलेले पॉइंट बँक परत घेत नाही, रडा नाहीतर ओरडा.

माझ्या भाच्याला हे पाठ होतं. मुलगा हुशार, पुण्यात आयटीत. दिवाळीला आईबाबांना घेऊन सिंगापूरला जायचं त्याने ठरवलं. शुक्रवारी रात्री विमान कंपनीच्या साइटवर त्याने मुंबई–सिंगापूर शोधलं. हव्या त्या तारखांना माइल्सची सीट दिसली, माणशी 28 हजार जाऊन-येऊन. गड्याने लगेच तिघांचे 84 हजार पाठवून दिले आणि मला मेसेज टाकला, "मावशी, ट्रान्सफर मारला!" मी विचारलं, "शोधताना प्रवासी किती टाकले होतेस?" बराच वेळ काही उत्तर नाही. मग आलं, "एक. का?"

का म्हणजे, विमानात रिकाम्या असलेल्या सगळ्या खुर्च्या माइल्सवर मिळत नाहीत. कंपनी स्वस्त माइल्सच्या दोनचार खुर्च्या वेगळ्या ठेवते, गर्दीच्या दिवसांत तेवढ्याही नाही. एका माणसासाठी "उपलब्ध" दिसलं म्हणजे तिघांसाठी आहे असं नव्हे. त्या तारखेला होती एकच. मध्ये शनिवार-रविवार आला, माइल्स खात्यात पडेपर्यंत मंगळवार उजाडला आणि तोवर तीही कुणीतरी नेली. बँकेला फोन केला, त्यांनी नियम वाचून दाखवला. दिवाळीत तिघं दापोलीला गेले, तेही माझ्या गाडीने. 84 हजार माइल्स जिथे होते तिथेच राहिले, तीन वर्षांची मुदत लागलेली.

माझी सवय अशी: आधी विमान कंपनीच्या साइटवर माइल्सचं खातं उघडून ठेवायचं (ते फुकट असतं), जितके जाणार तितके प्रवासी टाकून शोधायचं, जाण्याची आणि येण्याची दोन्ही सीट डोळ्यांनी बघायची आणि सीटपुढे "वेटलिस्ट" तर लिहिलेलं नाही ना, ते वाचायचं. मगच पॉइंट पाठवायचे, तेही शक्यतो सोमवार-मंगळवारी सकाळी. काही बँकांकडून माइल्स दहा मिनिटांत पोचतात, काहींना चार दिवस लागतात. नवख्या बँकेकडून पहिल्यांदा पाठवताना कमीत कमी लागतील तेवढेच पाठवून वेळ बघून ठेवावी. विमान कंपन्यांचे माइल्सचे बरेच कार्यक्रम जवळजवळ वर्षभर आधी सीट उघडतात. सिंगापूर एअरलाइन्सचं क्रिसफ्लायर 355 दिवस आधी. शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर तेव्हाच बघायला हवं. नवरात्रात बसून दिवाळीच्या सीट शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

यावर मला हमखास ऐकायला मिळतं: "एवढं कोण बघत बसणार?" मग रोखीने तिकीट काढा बाबा. त्यात काही कमीपणा नाही.

नाव

मराठी बायकांनी हा भाग दोनदा वाचावा.

माझं पहिलं माइल्सचं खातं लग्नाआधीचं. त्यावर माहेरचं आडनाव. लग्नानंतर पासपोर्ट नवा काढला, त्यात आडनाव सासरचं, आणि नावाच्या रकान्यात माझ्या नावापुढे नवऱ्याचंही नाव, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे. क्रेडिट कार्डावर मधलं नाव गायब, नुसतं एक अक्षर. एकाच बाईची तीन नावं, आणि मला ते कधी खटकलंच नाही, कारण इकडे कुणालाच खटकत नाही.

मग एकदा 40 हजार पॉइंट पाठवले. बँकेतून गेले, विमान कंपनीकडे पोचलेच नाहीत. बँक म्हणे आम्ही पाठवले, कंपनी म्हणे नाव जुळत नाही. पाच आठवडे मी दोन कॉल सेंटरांच्या मध्ये चेंडूसारखी उडत होते. शेवटी विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाच्या गॅझेटची प्रत स्कॅन करून पाठवली. त्यावर एका मुलाने फार अदबीने विचारलं, "मॅडम, म्हणजे या दोन्ही तुम्हीच का?" हो रे बाळा, दोन्ही मीच.

तेव्हापासून माइल्सचं खातं उघडताना पासपोर्ट शेजारी उघडा ठेवते आणि त्यातलं नाव अक्षर न् अक्षर बघून भरते. मधलं नाव पासपोर्टात असेल तर खात्यातही हवं. (बोर्डिंग पासवर मग माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि मिसेस असं सगळं मधे जागा न सोडता एका दमात छापून येतं. त्याने घाबरू नका, ते तसंच येतं.) लग्न ठरलेल्या मुलींना माझं सांगणं असतं की आडनाव बदलणार असाल तर जुन्या खात्यातले माइल्स आधी संपवा, किंवा आधी खात्याचं नाव बदला आणि मग पॉइंट पाठवा. आणि दुसऱ्यासाठी तिकीट काढायचं असेल तर त्या कार्यक्रमाचे नियम बघा. क्रिसफ्लायरमध्ये स्वतःशिवाय पाचच जणांची नावं यादीत घालता येतात. साडू, मेहुणा आणि शेजारचे काका असं कुणालाही पाठवता येत नाही.

व्याज भरून पॉइंट कमावणं

यावर फार लिहीत नाही, हिशेबच देते. समजा 60 हजारांची खरेदी केली, कार्ड चांगलं म्हणून 2 टक्के परतावा धरू, म्हणजे 1,200 रुपयांचे पॉइंट. बिल आलं आणि तुम्ही "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरून निवांत झालात. महिन्याला 3.75 टक्के दराने 60 हजारांवर एका महिन्याचं व्याज 2,250, त्यावर 18 टक्के जीएसटी 405. झाले 2,655. शिवाय थकबाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरता येत नाही त्याने या खेळात उतरू नये. पूर्ण रकमेचा ऑटोडेबिट लावा आणि विसरून जा.

पॉइंट म्हणजे मुदत ठेव नव्हे

साठवत राहण्याची हौस आपल्याला फार. ठेवीवर निदान व्याज मिळतं. पॉइंटांचं मोल एका ईमेलने खाली येतं. ॲक्सिसच्या साध्या मॅग्नस कार्डावर पाच पॉइंटांचे चार माइल्स व्हायचे, 1 सप्टेंबर 2023 पासून पाचाचे दोन झाले. ज्यांनी लाखभर पॉइंट "युरोपसाठी" धरून ठेवले होते त्यांचा युरोप त्या दिवशी अर्धा झाला. माइल्सचंही तेच. किंगफिशरची विमानं 2012 साली जमिनीवर बसली. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला थांबली. तिचे माइल्स वेगळ्या कंपनीकडे होते म्हणून ते इंटरमाइल्स या नावाने तरले, पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच राहिलं नाही. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात गेली.

म्हणून मी दोन प्रवासांपुरते पॉइंट झाले की थांबते आणि पहिला प्रवास काढते. दर पाडव्याला एका वहीत सगळ्यांच्या खात्यांच्या मुदती लिहिते. ॲप वगैरे असतील, मला वही बरी.

कशावर उडवायचे

पॉइंट खर्च करायचा सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे त्यांवर मिक्सरसारखी वस्तू घेणं. त्या खालोखाल कार्डाच्या बिलात वळते करणं. एचडीएफसीच्या इन्फिनिया कार्डाचं उदाहरण घ्या: पॉइंट बिलात वळता केला तर 30 पैसे मिळतात, त्याच बँकेच्या स्मार्टबाय या साइटवर विमानाचं तिकीट काढलं तर 1 रुपया, फक्त तिकिटाच्या 70 टक्क्यांपर्यंतच पॉइंट चालतात. पॉइंट तोच, मोल तिपटीहून जास्त. तरी माणसं बिलात घालून मोकळी होतात, कारण ते बटण समोर असतं.

माइल्सवर तिकीट काढताना मी एक भागाकार करते. रोखीचं भाडं घ्यायचं, माइल्सच्या तिकिटावर भरावे लागणारे कर त्यातून वजा करायचे, उरेल त्याला माइल्सने भागायचं. समजा रोखीत 28 हजार, कर 4 हजार, माइल्स 20 हजार: एका माइलला 1 रुपया 20 पैसे. हा आकडा रुपयाच्या खाली आला तर मी माइल्स हलवत नाही. हो, माइल्सच्या तिकिटावरही कर भरावेच लागतात, "फुकट" हा शब्द जाहिरातीतला. काही कंपन्या वर इंधन अधिभारही लावतात. सिंगापूर एअरलाइन्स आपल्याच विमानांच्या माइल्सच्या तिकिटांवर लावत नाही, ब्रिटिश एअरवेज भरपूर लावते. आणि पावसाळ्यात मुंबई–गोव्याच्या स्वस्त तिकिटावर माइल्स जाळायला निघालेल्यांनी सरळ मांडवी एक्सप्रेसने जावं. बाहेर कोकण हिरवागार असतो आणि गाडीत खायला काही ना काही येत राहतं.

बारीकसारीक

घरभाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये पैसे भरणं यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देतच नाहीत, भाड्यावर तर बऱ्याच बँका वरून 1 टक्का शुल्क लावतात. मित्राला "भाडं" पाठवून ते परत घेण्याची युक्ती मला सांगू नका. बँकेला ती माझ्याआधी कळलेली असते.

परदेशात कार्ड मशीनने "रुपयांत घेऊ का?" विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या. साध्या कार्डाला परकीय चलनावर 3.5 टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, तेही पॉइंटांच्या हिशेबात धरा.

विमानतळावरच्या लाउंजचा विचार करून कार्ड घेऊ नका. बऱ्याच कार्डांवर आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच आत सोडतात. विमानतळावर कार्ड नाकारलं गेल्यावर चिडून फोन करणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत. इडलीच खायची तर घरून खाऊन निघा.

मुदत संपत आलेल्या माइल्सवर तिकीट काढून नंतर रद्द केलं, तर मधल्या काळात संपलेले माइल्स सहसा परत मिळत नाहीत.

आणि "तुमचे 9,800 रुपयांचे पॉइंट आज रात्री संपणार, या लिंकवर क्लिक करा" हा मेसेज बँकेचा नसतो. माझ्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी त्या लिंकवरचं ॲप उतरवून घेतलं आणि पॉइंटांऐवजी बचत खात्यातले पैसे गेले. असं झालंच तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पॉइंट बघायचे तर बँकेच्या ॲपमध्ये स्वतः जाऊन बघायचे.

भाच्याच्या त्या 84 हजारांचं काय झालं, असं कुणीतरी विचारेलच. ते या ऑक्टोबरअखेर संपतात. पाडव्याला वहीत दिसलं तेव्हा मीच त्याला शोधायला बसवलं, यावेळी प्रवासी तीन टाकून. विसर्जन झाल्यावरच्या आठवड्यात तीन सीट मिळाल्या, येतानाच्याही. ताई आणि भाऊजी निघालेत. तिसरी सीट भाच्याची होती, पण त्याला ऑफिसातून सुट्टी नाही. त्याच्या यादीत त्याने माझं नाव घातलंय, पासपोर्टवर आहे तसं, पुरतं.