गड्ड्याच्या स्टॉलचा हिशोब आणि दहावीचं बीजगणित

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मामांचा चादरी-टॉवेलचा स्टॉल होता, मी मदतीला. रात्री वही बघतो तर चहा सांडून निम्मं पान गेलेलं. मामा म्हणले, "आता चादरी किती गेल्या कसं कळणार रे?" एवढंच माहीत होतं की एकूण 46 नग गेले, चादर 450 ला, टॉवेल 120 ला, आणि गल्ल्यात 12,000.

मग चादरी x, टॉवेल y धरले. x + y = 46 आणि 450x + 120y = 12,000. पहिल्याला 120 नं गुणलं, 5,520 आले, ते वजा केले तर 330x = 6,480, म्हणजे x साडेएकोणीसच्या वर काहीतरी, आता अर्धी चादर कोण फाडून नेणार! गणित दोनदा तपासलं, बरोबरच होतं, म्हणजे आकड्यातच घोळ. फोन बघितला तर एका टॉवेलचे 120 ऑनलाइन आलेले, ते धरलेच नव्हते. 12,120 घेतल्यावर 330x = 6,600, चादरी 20, टॉवेल 26. गठ्ठे मोजले, जुळलं.

मामांनी कडक भाकरी नि शेंगाचटणी पुढं सरकवली, म्हणले खा.