लसणाचं फ्रेंच सूप: फोडणीचा हात आवरा आणि या चुका टाळा

पहिल्यांदा हे सूप करत होते तेव्हा सासूबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, "कढी करतेस का गं? फोडणी मस्त जमलीय." मला ती शाबासकी वाटली. पंधरा मिनिटांनी वाट्या भरल्या आणि नवऱ्याने पहिल्याच चमच्याला जे तोंड केलं, त्यावरून कळलं की फोडणी जमली हेच चुकलं होतं. लसणाच्या फ्रेंच सुपाला कढीचा वास यायला लागला की ते हातचं गेलं म्हणून समजा. आपला हात फोडणीला सरावलेला. तेल तापलं, लसूण पडला, चर्र झालं, कडा तांबूस झाल्या, की मग कुठे आपल्याला स्वयंपाक सुरू झाल्यासारखा वाटतो. या सुपात नेमकं तेच करायचं नसतं. पुढच्या निम्म्याअधिक चुका याच सवयीच्या पोटातून निघतात.

सूप मूळचं नैर्ऋत्य फ्रान्समधलं, पेरिगोर भागातलं. तिथे त्याला तुराँ म्हणतात. शेतकऱ्याघरचं साधं जेवण: लसूण, बदकाची चरबी, थोडा मैदा, पाणी, अंडी, व्हिनेगर आणि वाडग्याच्या तळाशी शिळा पाव. लग्नाच्या रात्री मित्रमंडळींनी नवरा-नवरीच्या खोलीत हे सूप घेऊन धडकायचं, अशी तिकडची जुनी चाल. (आपल्याकडे त्या रात्री केशराचं दूध, त्यांच्याकडे लसूण. कोणाचं बरं, ते ज्याचं त्याने ठरवावं.)

चौघांसाठी मी घेते ते असं: सोललेला लसूण ७५ ग्रॅम, लोणी आणि साधं तेल मिळून दोन मोठे चमचे, मैदा एक मोठा चमचा, पाणी सव्वा लिटर, दोन अंडी, व्हिनेगर एक मोठा चमचा, मीठ, मिरपूड, चार ब्रून पाव (कडक कवचाचे). एवढंच. जिन्नस इतके कमी, की एक जरी बिघडला तरी झाकायला दुसरं काही नसतं. मिसळीत एखादी गोष्ट कमी-जास्त झाली तर कट सांभाळून घेतो. इथे सांभाळून घेणारं कोणी नाही.

चर्र आवाज आला म्हणजे चुकलं

कांद्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, लसणात ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणून कांदा गरम तेलात पडला तरी बराच वेळ स्वतःच्याच पाण्यात शिजत राहतो. लसणाच्या चकत्यांमधलं पाणी लगेच संपतं, आतली साखर करपायला लागते आणि अर्ध्या मिनिटात सोनेरीचा तपकिरी होतो. फोडणीत हा तपकिरी रंग चालतो, कारण तिथे चमचाभर लसूण पातेलंभर आमटीत विरतो. इथे मुठीपेक्षा जास्त लसूण, आणि सूप त्याचंच. कडवटपणा लपणार कुठे?

उपाय सोपा आहे, फक्त मनाला पटत नाही. लोणी आणि तेल गार असतानाच लसूण घालायचा, वर दोन चमचे पाणी शिंपडायचं, झाकण ठेवायचं आणि सगळ्यात लहान शेगडी बारीक करून दहा-बारा मिनिटं सोडून द्यायचं. मधूनमधून हलवा. लसूण पारदर्शक व्हायला हवा आणि चमच्याने दाबला की पेढ्यासारखा मोडायला हवा. वासही बदलतो, उग्र जाऊन गोडसर येतो.

एक-दोन चकत्यांच्या कडा सोनेरी झाल्या तर घाबरू नका, त्या उचलून टाका. पण सगळाच लसूण तांबूस झाला तर वाचवायच्या फंदात पडू नका. मी साखर घालून पाहिली, दूध घालून पाहिलं, दोन्ही वेळा कडू ते कडूच. तो लसूण बाजूला काढा, दुसऱ्या दिवशी पालकाच्या भाजीवर घाला, आणि पातेलं धुऊन नव्याने सुरुवात करा. पातेलं धुवायचं विसरू नका, तळाला चिकटलेली चरबीही कडू झालेली असते.

आता चरबी कुठली? बदकाची मिळाली तर उत्तम, पण ती शोधत शहरभर हिंडण्यात अर्थ नाही. साजूक तूप मात्र टाळा. तूप वाईट म्हणून नव्हे. त्याचा वास इतका आपला आहे की सुपाला वरणभाताची आठवण येते. घाण्याचं शेंगदाणा तेलही तसंच, आपलं नाव सांगितल्याशिवाय राहत नाही. पिवळं, खारं बटर वापरत असाल तर मीठ अगदी शेवटी, चाखून. खारट झालंच तर गरम पाणी वाढवा. बटाटा टाकला की मीठ शोषून घेतो, हे मी पुष्कळ ऐकलं आणि दोनदा करून पाहिलं. बटाटा खारट झाला, सूपही खारटच राहिलं.

ठेचू नका, पेस्ट तर नकोच

अख्ख्या पाकळीत तिखटपणा तयार नसतो. तो तयार करणारी दोन द्रव्यं पेशींत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चिरलं, ठेचलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि अ‍ॅलिसिन बनतं. तोच तो नाकात जाणारा झणका. जितकं बारीक कराल तितकं जास्त. ठेच्याला हेच हवं असतं, म्हणून आपण खलबत्ता काढतो. सुपासाठी जाडसर चकत्या करा आणि चिरल्या की लगेच पातेल्यात टाका, कारण अ‍ॅलिसिन बनवणारं विकर (एन्झाइम) उष्णतेने निकामी होतं. चिरून ठेवला आणि फोनवर अर्धा तास गेला, तर तेवढ्यात तो आणखी उग्र होतो.

तयार आलं-लसूण पेस्टचं तर विचारूच नका. त्यात आलं असतं, मीठ असतं, आंबट असतं. सूप न होता कसल्यातरी रश्श्याचं पाणी होतं.

लसूण कुठला?

"वीस पाकळ्या घ्या" असं कृतीत लिहिलेलं असतं आणि आपण मंडईतून गावरान लसूण आणलेला असतो. त्याच्या वीस पाकळ्या म्हणजे मोठ्या लसणाच्या आठसुद्धा नाहीत. म्हणून मोजू नका, वजन करा. आपल्याच पुणे जिल्ह्यात, राजगुरुनगरला, कांदा आणि लसणाचं संशोधन करणारं केंद्रीय संचालनालय आहे. भीमा ओंकार, भीमा पर्पल या जाती तिथल्याच. जात कुठलीही चालेल, पण गावरान असेल तर ७५ ऐवजी ६० ग्रॅम पुरे, तो जास्त तिखट असतो. सोलायचा कंटाळा येत असेल तर पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा.

जातीपेक्षा वय महत्त्वाचं. आपल्याकडे लसूण लावतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि काढतात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्यामुळे उन्हाळ्यात मिळतो तो ताजा, भरलेला. गणपती-दिवाळीपर्यंत त्याच लसणाला आत हिरवा कोंब फुटलेला असतो. पाकळी उभी चिरून तो कोंब सुरीच्या टोकाने काढून टाका. भाजीत मी हे कधीच करत नाही, पण इथे करते. पाकळी पोकळ, पिवळी पडलेली असेल तर त्या दिवशी पिठलं करा.

व्हिनेगर पडल्यावर लसूण हिरवट-निळसर दिसला तर घाबरून ओतून देऊ नका. लसणातल्या गंधकाच्या संयुगांची आंबटाशी गाठ पडली की असा रंग येतो, लोणच्यातही येतो. फ्रिजमध्ये राहिलेल्या लसणात जास्त. अपाय काही नाही, फक्त मुलं "शेवाळं आहे का?" म्हणून विचारतात.

तमालपत्र म्हणजे बे लीफ नव्हे

इंग्रजी कृती वाचून सूप करणाऱ्यांची ही हमखास चूक. युरोपातलं बे लीफ वेगळ्या झाडाचं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या जवळच्या नात्यातलं, त्यावर तीन उभ्या शिरा असतात आणि वासही दालचिनीचाच. ते सुपात टाकलं की मसालेभात झाकून ठेवल्यासारखं वाटतं. खरं बे लीफ नसेल तर काहीच घालू नका.

थाइम (तिकडचा सुगंधी पाला) मिळालं तर चिमूटभर घाला. नसेल तर ओव्याचे चार दाणे चुरडून. हसू नका, थाइमचा आणि ओव्याचा वास ज्या थायमॉलमुळे येतो ते एकच द्रव्य आहे. मात्र चार म्हणजे चारच. बाळंतिणीचा काढा करायचा नाहीये.

पाणी साधंच घ्या. स्टॉकची वडी टाकली की सगळ्या सुपांची चव एकसारखी होते, मग लसूण सोलायचे कष्ट कशाला? मैदा मऊ लसणावर भुरभुरवून दोन मिनिटं परता, पण रंग बदलू देऊ नका. पाणी आधी अर्धी वाटीच घालून घोटा, मग उरलेलं. पिठल्यात गुठळ्या का होतात हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. मग वीस मिनिटं मंद उकळी.

अंडं फाटतं तेव्हा कढी आठवा

इथे मात्र आपलं स्वयंपाकघर मदतीला येतं. कढीचं ताक बेसन न लावता उकळलं तर फुटतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. सुपात मैद्याचं काम तेच. मैदा असला की अंड्याचा बलक सहजासहजी फाटत नाही. "मैदा तब्येतीला वाईट" म्हणून तो गाळणाऱ्यांच्याच वाट्यांत पिवळी कणी तरंगते.

क्रम असा ठेवा. पांढरं आणि बलक वेगळं करा. सूप उकळत असताना पांढऱ्याची बारीक धार सोडा आणि काट्याने हलकेच ढवळा, शेवयांसारखे धागे होतील. मग गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. हे थांबणं सगळे विसरतात. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे आपलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. नुसता बलक ६५ अंशांना घट्ट व्हायला लागतो आणि ७० च्या सुमारास पुरता आळतो. म्हणजे उकळत्या सुपात तो टाकला तर त्याला वावच नाही.

बलकात व्हिनेगर घालून फेटा. त्यात गरम सुपाचा एक डाव घाला, ढवळत. मग दुसरा. आता वाडगं हाताला गरम लागेल. तेव्हा ते सगळं सुपात ओता आणि सतत हलवा. सुपाला सायीसारखा दाटपणा येतो, उकडलेल्या अंड्याचा वास येत नाही.

आमच्याकडे हे पहिल्या दोन वेळा फसलं, कारण मी बलक घातल्यावर "एक उकळी येऊ दे" म्हणून गॅस पुन्हा लावला. कच्चं राहील ही भीती. फाटलंच तर हँड ब्लेंडर फिरवा आणि गाळून घ्या. पांढऱ्याचे धागे जातील, पण पाहुण्यांना कळणार नाही.

व्हिनेगर किराणा दुकानातलं पांढरं, सिंथेटिक असेल तर निम्मंच घाला, ते घशाला लागतं. त्यापेक्षा लिंबाचा रस बरा. आंबट अजिबात नको म्हणून गाळू मात्र नका. त्याच्याशिवाय सूप नुसतं जड लागतं.

पाव

स्लाइस ब्रेड नको. तो मऊ आणि गोडसर, गरम सुपात पडला की मिनिटात लगदा. तिकडे शिळा, जाड कवचाचा पाव घेतात. त्याला पुण्यात ब्रून पाव हा सख्ख्या भावासारखा. सकाळी आणून संध्याकाळपर्यंत तसाच राहू द्या, रात्री तव्यावर कोरडा भाजा. लादी पावच असेल तर चकत्या करून कडक होईपर्यंत भाजा. पाव वाडग्यात आधी ठेवायचा आणि सूप वरून ओतायचं. पातेल्यात टाकून उकळायचा नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घरात हा शहाणपणा वेगळा सांगायला नको, तरी माझ्या नवऱ्याने एकदा पाव पातेल्यात टाकलाच. रात्री सुरीने कापून वाढलं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी

सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी मी मैदा घालून उकळलेलं सूप, अंडं घालण्याआधीच, दोन वाट्या बाजूला काढते. त्यात अर्धा उकडलेला बटाटा घोटून घालते, वर लिंबू. हेही उसनवारीचं नाही. फ्रान्सच्याच दक्षिणेला, प्रोव्हांसमध्ये, आयगो बुलिदो नावाचं सूप आहे. नावाचा अर्थ 'उकळलेलं पाणी'. लसूण, सेज नावाच्या सुगंधी झुडपाची पानं, ऑलिव्ह तेल आणि पाव, अंडं नसलं तरी चालतं. ते जीव वाचवतं अशी तिकडची म्हण आहे. सर्दी झालेल्या माणसाला ती लगेच पटते.

चातुर्मासात कांदा-लसूण बंद असलेल्या घरांनी अर्थातच हे कांदेनवमीच्या आत उरकावं. आमच्याकडे आता त्या दिवशी भज्यांबरोबर हेही होतं.

वाडगं संपत आलं की उरलेल्या घोटभर सुपात लाल वाइन ओतायची, वाडगं हलवायचं आणि तोंडाला लावून प्यायचं, ही पेरिगोरची पद्धत. सासूबाई ताटात ताक ओतून बोटाने निपटून पितात, त्यामुळे त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही. वाइनचं सांगितलं तेव्हा मात्र वाटलं.

जेवणाला माणसं एकेक करून येणार असतील, आणि आमच्याकडे तशीच येतात, तर सगळ्या पातेल्यात अंडं घालू नका. बिनअंड्याचं सूप तयार ठेवा आणि जो येईल त्याच्या वाटणीपुरतं गरम करून त्यात बलक मिसळा. अंडं घातलेलं उरलंच तर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा, आणि गरम करताना भांडं थेट गॅसवर नको, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा.